साडेचारच्या घंटेनंतर काय?

दरवर्षी १ जूनला सकाळी आम्ही हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी जमतो. १९८६ सालच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी प्राण दिले, त्यांना अभिवादन करतो, भाषणे ऐकतो, घोषणा देतो आणि आपापल्या कामाला लागतो. त्याच सुमारास शाळाही सुरू होतात. स्मारकावरून परतताना नवे दप्तर पाठीला लावलेली मुले रस्त्यात भेटतात. त्यांतली किती गावच्या मराठी शाळेकडे वळली आणि किती इंग्रजी शाळेच्या गाडीत चढली, याची मोजदाद आम्ही अलीकडे नकळत करू लागलो आहोत. तिचा आकडा येथे द्यायचे कारण नाही. तो प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

मराठी शाळा टिकल्या पाहिजेत, याविषयी सीमाभागात मतभेद नाही. त्यासाठी आपण निवेदने दिली, मोर्चे काढले, शिक्षकांच्या जागा भराव्यात म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. ते सारे योग्यच होते आणि पुढेही करावे लागणार आहे. आज मात्र आम्हाला वाचकांपुढे एक निराळा प्रश्न मांडायचा आहे. साडेचार वाजता घंटा होते आणि शाळा सुटते. त्यानंतर आमची मुले कोठे जातात, कोणाबरोबर असतात, कोणत्या भाषेत रमतात? गेली सत्तावीस वर्षे मराठी शाळेत शिकविताना आणि गावच्या वाचनालय समितीवर काम करताना आम्ही जे पाहिले, त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, आपण भाषेची लढाई शाळेच्या वेळेपुरती लढलो आणि संध्याकाळ मोकळी सोडून दिली. आज आपण मागे पडतो आहोत ते त्या मोकळ्या सोडलेल्या वेळेत.

तासांचा हिशेब

शिक्षकाला हिशेबाची खोड असते, म्हणून आधी हिशेबच मांडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. मूल रोज ९ तास झोपते असे धरले, तर ३,२८५ तास झोपेचे गेले. जागेपणीचे उरले ५,४७५. त्यांतले फार तर १००० तास शाळेचे. म्हणजे मुलाच्या जागेपणीच्या दर १०० तासांपैकी जेमतेम १८ तास शाळेच्या वाट्याला येतात. बाकीचे ८२ तास शाळेबाहेरचे.

मराठी शाळेतल्या मुलाच्या कानावर त्या १८ तासांत तरी मराठी पडते. इंग्रजी शाळेत घातलेल्या मराठी मुलाला तेवढीही मिळत नाही. पण उरलेले ८२ तास दोघांनाही सारखेच आहेत आणि त्यांवर कोणत्याही सरकारचे परिपत्रक चालत नाही. ते सर्वस्वी घराच्या, गल्लीच्या आणि गावाच्या हातात आहेत. १९५६ साली घटनेत आलेल्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांना व स्थानिक संस्थांना सांगितले आहे. त्या कलमाची अंमलबजावणी मागणे हा आपला हक्क आहे आणि तो आपण कधीही सोडू नये. परंतु ते कलम मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेते. शाळा सुटल्यावर त्याच दारात मुलाचा हात कोणी धरायचा, हे आपणच ठरवायचे आहे.

गावची संध्याकाळ

आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही गावात संध्याकाळी पाच वाजता एक फेरी मारून पाहावी. आई-वडील शेतात असतात, नाहीतर वडील उद्यमबागच्या कारखान्यात पाळीवर आणि आई भाजीचा बुट्टा घेऊन बाजारात. घराला कुलूप. किल्ली शेजारी. ज्याची ऐपत आहे त्याचे मूल शिकवणीला जाते आणि शाळेत जे केले तेच पुन्हा दोन तास करते. ज्याची ऐपत नाही त्याचे मूल कट्ट्यावर बसते. एका मोबाईलभोवती सात-आठ डोकी वाकलेली असतात. त्यात काय चालते ते विचारले तर उत्तर मिळत नाही, मिळाले तर अर्धे हिंदी आणि अर्धे इंग्रजी असते. मुली मात्र कट्ट्यावर दिसत नाहीत. त्या घरात भांडी घाशीत असतात, धाकट्या भावंडाला सांभाळीत असतात. त्यांच्या संध्याकाळीचा तर कोणी विचारच केलेला नाही.

एकदा पालकसभेत एक माउली आम्हाला म्हणाली, "गुर्जी, सांजचं पोरगं मोबाईल सोडत न्हाई बघा. काढून घेतला तर म्हणतंय, मग मी करू काय?" त्या मुलाचा प्रश्न आम्हाला सभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटला. मोबाईल हिसकावून घेणे सोपे आहे. पण मग त्याने करायचे काय? जुन्या काळी या प्रश्नाला गावाजवळ उत्तर होते. आज आपल्याकडे ते नाही.

करोनाच्या काळात २०२० पासून शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा या मोकळ्या वेळेची किंमत सर्वांना कळायला हवी होती. 'असर' या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती, ती २०२२ साली ४२.८ टक्क्यांवर आली. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, पण आमच्या वर्गात आम्हाला याहून वेगळे चित्र दिसले नाही. ज्या घरात कोणीतरी मुलाला जवळ घेऊन वाचून दाखवीत होते, ती मुले शाळा बंद असतानाही वाचती राहिली. बाकीची जोडाक्षरापाशी अडखळू लागली. शाळा एकच, शिक्षक तेच. फरक पडला तो घंटेनंतरच्या वेळेचा.

घंटेनंतरची जुनी शाळा

आम्ही सांगतो आहोत ते काही नवीन नाही. आमच्या लहानपणी गावात तीन संध्याकाळच्या शाळा होत्या. पहिली तालीम. तेथे वस्ताद दंड-बैठका काढून घेत आणि शिस्त, शब्द, वडीलधाऱ्यांचा मान हे सारे तांबड्या मातीत शिकवून जात. दुसरी भजनी मंडळ. ज्या मुलाला शाळेत कविता पाठ होत नसे, त्याला टाळ हातात आल्यावर अभंगामागून अभंग मुखोद्गत होत. तिसरी वाचनालय. तेथे एका वर्तमानपत्राची चार पाने चौघे जण वाटून घेऊन वाचीत आणि ऐकणारे दहा असत. या तिन्ही ठिकाणी 'मराठी वाचवा' असे कोणी म्हणत नसे. मराठीत जगणे चालू होते, म्हणून मराठी आपोआप वाढत होती.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. ज्या वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्याच वर्षी आमच्या शहरात वाचनालय उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण सक्तीने शाळेत गेलेले मूल पुढे वाचते राहील याची खात्री नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० पासून बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मदतीने त्यांनी गावोगाव ग्रंथालये काढली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरविल्या. शाळा आणि शाळेबाहेरची सोय ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

राष्ट्र सेवा दलाचे उदाहरण तर आपल्या माणसांना सांगायलाच नको. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली त्याची घडी बसली. संध्याकाळी मैदानावर तास-दीड तास खेळ, गाणी, चर्चा, एवढेच त्या शाखेचे स्वरूप. त्या मैदानांवरून राजकारणात, शिक्षणात, सहकारात माणसे गेली आणि सेवा दलाच्या कलापथकांतून निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत महाराष्ट्राला मिळाले. साने गुरुजींच्या गोष्टी मुलांना ऐकवण्याच्या कथामाला त्यांच्या मागे चालल्या, त्याही शाळेच्या वेळेबाहेरच. कोणत्या मुलात काय दडले आहे, हे परीक्षेच्या कागदावर फार थोडे दिसते. ते खेळताना, नाटक बसवताना, भांडण मिटवताना दिसते.

मग हे सारे मोडले कोठे? दूरदर्शन संच आले, शिकवण्या आल्या, इंग्रजीची घाई आली, ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण आहे आणि ते सांगताना आम्ही स्वतःलाही त्यात धरतो. आम्ही कार्यकर्त्यांनी तरुणांना फक्त गर्दीसाठी बोलावले. काळ्या दिनाच्या फेरीला, शिवजयंतीच्या मिरवणुकीला, निवडणुकीच्या प्रचाराला हाक दिली की पोरे धावून आली. त्यांनी घोषणा दिल्या, लाठ्या खाल्ल्या, काहींनी खटले अंगावर घेतले. त्या बदल्यात आम्ही त्यांना काय दिले? मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कोठे जावे, याचा विचार आम्ही केला का? मराठीसाठी मार खाणाऱ्या मुलाला मराठीतले एखादे पुस्तक आम्ही शेवटचे कधी दिले? या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, म्हणूनच पुढचा प्रयोग करावासा वाटला.

एक छोटा प्रयोग

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालय समितीने गावच्या समाजमंदिरात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात चाळीस मुले आली. महिन्याभराने अकरा उरली. आम्ही मनातून खट्टू झालो आणि नेहमीप्रमाणे मोबाईलला दोष दिला. शेवटी पाचवीतल्या एका मुलीने आमचे डोळे उघडले. "गुर्जी, शाळेतलंच परत करून घेताय की," ती म्हणाली. खरेच होते. आम्ही पाढे, शुद्धलेखन आणि स्वाध्याय यांपलीकडे काही केलेच नव्हते. दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला आम्ही संध्याकाळी पुन्हा बाकावर बसवीत होतो.

मग आम्ही क्रम उलटा केला. आधी अर्धा तास खेळ. लगोरी, खो-खो, लेझीम, जे जमेल ते. नंतर वीस मिनिटे मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची. तीही अशा जागी थांबवायची की मूल उद्या आलेच पाहिजे. त्यानंतर ज्याला गृहपाठात अडेल त्याला मदत. आठवड्यातून एक दिवस मुलांनी स्वतः लिहिण्याचा. संख्या पुन्हा तिशीवर गेली.

मुली तरीही येत नव्हत्या. दिवेलागणीनंतर मुलीला बाहेर पाठवायला घरचे राजी नव्हते आणि त्यांचे चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. वेळ सातऐवजी पावणेपाचची केली. शाळा सुटली की मुले तेथूनच समाजमंदिरात येऊ लागली. महिला मंडळातल्या दोघी जणी पाळीपाळीने येऊन बसू लागल्या. एवढ्याशा बदलाने बारा मुली आल्या. सुगीच्या दिवसांत मात्र हजेरी निम्म्यावर येते. भात कापणीला घरात एकही हात मोकळा नसतो. त्याला इलाज नाही; त्या तीन आठवड्यांत वर्ग बंद ठेवतो आणि मुलांना एकेक पुस्तक घरी देतो.

दिवाळीत मुलांनी किल्ला करायचे ठरविले. सीमाभागातली मुले किल्ले किती जीव ओतून करतात हे सांगायला नको. आम्ही अट एकच घातली. ज्या गडाचा किल्ला करायचा त्याची माहिती पुस्तकातून काढायची आणि प्रत्येक बुरुजापाशी, दरवाजापाशी पाटी लिहायची. त्या मुलांत इंग्रजी शाळेत जाणारा सातवीतला एक मुलगा होता. माती कालवणे, तटबंदी उभी करणे यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हते. पाट्या लिहायची वेळ आली तेव्हा तो हळूच उठून पाणी आणायला गेला. दोन वेळा तसे झाल्यावर आमच्या लक्षात आले. घरी तो अस्खलित मराठी बोलत होता, पण 'प्रवेशद्वार' हा शब्द त्याला वाचता येत नव्हता. आम्ही त्याला काही बोललो नाही. पाट्या रंगवायचे काम त्याला दिले आणि अक्षरे गिरवून द्यायला एका मुलीला जोडीला बसविले. पुढच्या आषाढीला त्याच्या आजीने वर्गात येऊन सांगितले की, आता हरिपाठ नातू वाचतो आणि ती ऐकते. तिच्या डोळ्यांना दिसेनासे झाल्यापासून घरात ते बंद पडले होते. आजही तो इंग्रजी शाळेतच आहे. आम्ही त्याच्या वडिलांशी वाद घातला नाही. पण त्या घरातली मराठी तुटता तुटता राहिली.

हा प्रयोग सतत चालला असे सांगितले तर ते खोटे होईल. मुलांना खेळवणारा, गोष्टी वाचून दाखवणारा कॉलेजातला तरुण मोठ्या तळमळीचा होता. त्याला गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि वर्ग दोन महिने बंद पडला. आम्ही त्याला कोणत्या तोंडाने थांबवणार? दोन वर्षे तो एक पैसा न घेता राबला होता. त्यातून आम्ही दोन धडे घेतले. एका माणसाच्या खांद्यावर वर्ग उभा करू नये. आणि तरुणांच्या सेवाभावाचे गोडवे गाऊन त्यांच्या श्रमाला फुकट समजू नये.

कन्नडचे काय?

या वर्गात कन्नड शिकवावे का, असा प्रश्न समितीच्या बैठकीत निघाला तेव्हा बराच वेळ शांतता पसरली. ज्या भागाने कन्नडसक्तीविरुद्ध रक्त सांडले, तेथे हा प्रश्न सोपा नाही. आमचे मत आम्ही येथे स्पष्ट मांडतो. सक्तीला आमचा विरोध होता आणि आहे. मातृभाषेच्या जागी दुसरी भाषा बसवणे हा अन्याय आहे. परंतु भाषा म्हणून कन्नडशी आमचे वैर नाही. बाजारात, बसमध्ये, शेताच्या बांधावर ती आमच्या शेजाऱ्याची भाषा आहे. या राज्यात २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले आहे आणि दहावीला आमच्या मुलांचे पाय ज्या विषयांत लटपटतात त्यांत कन्नड एक आहे. तो विषय राहिला की मुलगा शाळा सोडतो. मग आपण भाषा जपली असे म्हणायचे, की मुलगा गमावला असे?

म्हणून आमच्या वर्गात आठवड्यातून दोन दिवस कन्नड आणि दोन दिवस इंग्रजी शिकवतो, पण मराठीतून समजावून. शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त कन्नड शिक्षक त्यासाठी आनंदाने येतात. मुलांना त्यांच्याशी बोलताना भीती वाटत नाही आणि त्यांनाही आमच्या मुलांच्या लेझमीचे कौतुक वाटते. आपली भाषा ज्याला नीट येते त्याला दुसरी भाषा शिकायला कमीपणा वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे, त्यामागेही हाच विचार आहे.

काय करता येईल?

नुसते दुखणे सांगून भागत नाही. आम्हाला सुचतात त्या गोष्टी येथे मांडतो. त्यांतली एकही सरकारच्या मेहरबानीसाठी अडून राहणारी नाही.

पहिली गोष्ट जागेची. प्रत्येक गावात देऊळ, समाजमंदिर, तालीम किंवा मंडळाची खोली आहे. वर्षातले बहुतेक दिवस ती कुलूपबंद असते. रोज दीड तास ती मुलांसाठी उघडावी.

दुसरी गोष्ट पैशाची. दोघा तरुणांना मिळून दरमहा ४ हजार रुपये मानधन धरले तर दहा महिन्यांचे ४० हजार होतात. पुस्तके आणि खेळाचे साहित्य यांसाठी १५ हजार धरा. वर्षाला ५५ हजारांत तीस-चाळीस मुलांची संध्याकाळ सावरते. १९०५ साली लोकमान्य टिळकांनी बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला तो लोकांना एकत्र आणून शहाणे करण्यासाठी. त्या परंपरेचे नाव सांगणाऱ्या मंडळांनी मिरवणुकीच्या आवाजावर होणारा खर्च थोडा कमी केला, तर गावोगाव हा वर्ग चालेल. उत्सव बंद करा असे आम्ही म्हणत नाही. उत्सवाच्या वर्गणीतला दहावा हिस्सा मुलांचा, एवढाच नियम करा.

तिसरी गोष्ट पुस्तकांची. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत वाचनालये आहेत आणि २०२० साली 'ओदुव बेळकु' या मोहिमेत मुलांना त्यांचे मोफत सभासदत्व देण्यात आले. आपल्या गावच्या वाचनालयात मराठी बालपुस्तके किती आहेत, हे प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने एकदा जाऊन मोजावे. नसतील तर ग्रामसभेत ठराव मांडावा. आपण कर भरतो, आपली मुले सभासद होऊ शकतात, मग त्यांना वाचता येतील अशी पुस्तके मागण्यात संकोच कसला? ज्या गावात मराठी माणसे निवडून येतात त्या गावातही ही मागणी झाली नसेल, तर दोष दुसऱ्या कोणाला देणार?

चौथी गोष्ट आपल्या साहित्य संमेलनांची. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांनी ग्रामीण साहित्य संमेलनांची परंपरा जपली, हे सीमाभागाचे मोठे देणे आहे. १९४६ साली बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या भूमीला ते शोभणारेच आहे. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक संमेलनाचा अर्धा दिवस मुलांच्या स्वाधीन करावा. गावच्या संध्याकाळच्या वर्गाने वर्षभरात केलेले हस्तलिखित तेथे प्रकाशित व्हावे. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी ते वाचून मुलांना चार प्रश्न विचारावेत. समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या मुलापेक्षा स्वतः लिहिलेले वाचून दाखवणारा मुलगा उद्या मराठीचा वाचक होण्याची आशा अधिक.

पाचवी गोष्ट मोठ्या मुलांची. सोळा ते पंचवीस वयाच्या तरुणांना शिकवणारे म्हणून बोलवावे. लहान मुलांचा दादा किंवा ताई झालेला तरुण स्वतः वाचू लागतो, वेळ पाळू लागतो, चारचौघांत बोलू लागतो. महिन्यातून एका रविवारी त्यांच्यासाठी स्पर्धा परीक्षा, अर्ज लिहिणे, मुलाखत, बँकेचे व्यवहार यांची माहिती देणारा वर्ग ठेवावा. गावातच सरकारी नोकरीतले, कारखान्यातले, शेतीतले अनुभवी लोक असतात. त्यांना बोलवायला मानधन लागत नाही, आमंत्रण लागते.

दोन आक्षेप

'मुलांच्या डोक्यावर आधीच अभ्यासाचे ओझे आहे, त्यात हे आणखी कशाला,' असे पालक विचारतील. त्यांना आमचे सांगणे असे की, हा वर्ग ओझे उतरवण्यासाठी आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेणे हा मुलाचा हक्क मानला आहे आणि १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला आहे. आपण ज्याला उनाडकी म्हणतो त्यातला बराच भाग हा मुलाचा हक्क आहे. त्याला जागा आणि सोबत देणे एवढेच आपले काम. वर्गात ज्या दिवशी गुण, क्रमांक आणि छडी शिरेल, त्या दिवशी तो बंद करावा.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा. 'सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, लढा निर्णायक वळणावर आहे, अशा वेळी लगोरी आणि गोष्टी घेऊन काय बसलात?' महाराष्ट्राने २००४ साली न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हा पहिलीत बसलेले मूल आज पंचविशी ओलांडून गेले आहे. निकाल लागेपर्यंत एका पिढीचे बालपण संपले. ते थांबून राहिले नाही, राहूही शकत नव्हते. आपण ८६५ गावांसाठी झगडतो आहोत. उद्या न्याय मिळाला आणि त्या गावांत मराठी बोलणारी माणसे असली, पण मराठी वाचणारी, लिहिणारी, मराठीत विचार करणारी तरुण पिढी नसली, तर आपण काय मिळवले असे म्हणायचे? लढ्याला वकील लागतात तसे वारसही लागतात. आणि वारस सभेत तयार होत नाहीत. ते संध्याकाळी, कोणीतरी शेजारी बसून गोष्ट वाचून दाखवताना तयार होतात.

येत्या १ जूनला आम्ही पुन्हा हिंडलग्याला जाऊच. पण त्या दिवशी पुष्पचक्र वाहणाऱ्या प्रत्येक गावच्या समितीने, मंडळाने, युवक संघटनेने स्मारकासमोर एक साधा संकल्प सोडावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या गावातली एक खोली, दोन तरुण, शंभर पुस्तके आणि रोजचा दीड तास. त्याला निवेदन लागत नाही, परवानगी लागत नाही, तारखेची वाट पाहावी लागत नाही. साडेचारची घंटा तर रोजच होते. ती झाल्यावर त्या खोलीचे कुलूप काढून कोणीतरी मुलांची वाट पाहत उभे असावे.